सहा आठवडे म्हणजे नक्की किती दिवस? पायाच्या अंगठ्याच्या ऑपरेशननंतरचं संथ वर्ष

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझं जोडवं कापावं लागलं. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरात इतकं वाकून घट्ट झालं होतं की चांदीचा वेढा त्या गाठीवरून पुढे सरकेना. साबण लावला, खोबरेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला. शेवटी डोंबिवलीतल्या आमच्या नेहमीच्या सोनाराने तो कापला आणि दोन तुकडे कागदाच्या पुडीत बांधून हातात दिले. "सहा आठवड्यांनी या बाई, नवीन करून देतो."

सहा आठवडे हा आकडा त्याला मीच सांगितला होता. मला तो सर्जननी सांगितला होता. शाळेच्या रजेच्या अर्जावर तोच होता, सासूबाईंनी बोटांवर मोजून गणपतीच्या आधी बसवला होता तोही तोच. तेरा महिन्यांनंतर आता कळतंय की आकडा चुकीचा नव्हता. तो कशाचा आहे, हे मात्र मी विचारलं नव्हतं आणि आपणहून कुणी सांगितलं नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टर नाही. त्यामुळे तुमच्या पायाचं वेळापत्रक तुमच्या सर्जनकडूनच घ्या. पण ऑपरेशन होऊन तीन महिने उलटले, आजूबाजूचे "अजून लंगडताय?" म्हणून विचारतायत आणि रात्री पांघरुणातून पाय बाहेर काढून तुम्ही दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवून बघताय, अशी अवस्था असेल, तर आत काय चाललंय हे समजल्याने बरीचशी धास्ती कमी होते. माझी झाली.

गाठ तासली, एवढंच नसतं

आधी नावाचा घोळ. या दुखण्याला इंग्रजीत जे नाव आहे ते मराठीत लिहिलं की 'बनियन' होतं. आमच्याकडे फोनवर "बनियनचं ऑपरेशन" ऐकून मामेसासऱ्यांनी "गंजीफ्रॉकचं कसलं ऑपरेशन?" असं विचारलं होतं. म्हणून इथे मी सरळ अंगठ्याची गाठ म्हणते.

ही गाठ बहुतेक वेळा नव्याने वाढलेलं हाड नसते. अंगठ्यामागे पावलात एक लांब हाड असतं, पहिलं मेटाटार्सल. ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा उलट, करंगळीच्या दिशेने झुकतो. दोघांमधला सांधा त्यामुळे कोपऱ्यासारखा बाहेर येतो. पाय दुमडला की गुडघा पुढे येतो, पण म्हणून गुडघ्यावर हाड वाढलं असं आपण म्हणत नाही. तसंच हे. झुकलेला अंगठा शेजारच्या बोटाला ढकलतो, त्याला जागा उरत नाही, ते मधल्या पेरात वर उचललं जाऊन हातोडीसारखं वाकतं. त्यालाच हॅमर टो म्हणतात. वर आलेल्या पेरावर चप्पल घासून भोवरी होते आणि दुखणं बहुधा तिथून लक्षात येतं.

यात घराण्याचा भाग मोठा असतो. माझ्या आईचे पाय असेच होते. पण पादत्राणांचाही आहे. हाँगकाँगमध्ये १९५८ साली दोन डॉक्टरांनी चिनी लोकांची पावलं तपासली. बूट-चप्पल वापरणाऱ्यांमध्ये सुमारे ३३ टक्के लोकांचा अंगठा असा झुकलेला होता, अनवाणी राहणाऱ्यांमध्ये जेमतेम दोन टक्के.

आता ऑपरेशन. लोक समजतात, गाठ कानशीने तासून टाकतात. खरं तर ते लांब हाड कापतात, कापलेलं टोक जागेवर सरकवतात आणि एक-दोन स्क्रूंनी आवळतात. कुणाला अंगठ्याच्या हाडातूनही पाचरीएवढा तुकडा काढावा लागतो. ही पद्धत एकिन या सर्जनने १९२५ मध्ये मांडली. ज्यांचं हाड फारच सरकलंय किंवा मुळाशी हलतंय, त्यांचा पावलाच्या मध्यावरचा सांधाच कायमचा जोडून टाकतात. लॅपिडस यांनी १९३४ मध्ये मांडलेली ही रीत, आणि तिच्यात टाचेशिवाय भार न टाकण्याचा किंवा अजिबात भार न टाकण्याचा काळ सहसा जास्त असतो. म्हणजे शेजारणीचं आणि तुमचं 'तेच' ऑपरेशन मुळात तेच नसू शकतं. बारीक छिद्रांतून केलेल्या ऑपरेशनचंही असंच. वरून टाके दिसत नाहीत, पण आत हाड कापलेलंच असतं आणि ते त्याच्याच गतीने जुळतं.

वाकलेल्या बोटात मधल्या पेराची टोकं काढून बोट सरळ करतात आणि ती टोकं एकमेकांशी जुळेपर्यंत आरपार एक तार घालतात. मार्टिन किर्शनर या जर्मन सर्जनने १९०९ मध्ये वापरात आणलेली ही तार आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिचं टोक बोटाच्या शेंड्यातून बाहेर राहतं, कशात अडकू नये म्हणून त्यावर एक छोटा मणी बसवतात. माझा निळा होता. वर्गातली मुलं भेटायला आली तेव्हा एकाने बराच वेळ बघून विचारलं, "बाई, रेंज येते का?"

तर हिशेब असा: एका पावलात दोन ठिकाणी कापलेलं हाड, एक जोडून टाकलेला सांधा, सैल किंवा घट्ट केलेले स्नायुबंध, थोडा दुखावलेला मज्जातंतू आणि कातडीवर दोन-तीन चिरा. माणसाच्या एकेका पावलात २६ हाडं असतात, शरीरातल्या २०६ पैकी दोन्ही पावलांची मिळून ५२. एवढ्या दाटीवाटीच्या वस्तीत हे बांधकाम होतं, आणि तेही घरातल्या सगळ्यात ओझं वाहणाऱ्या माणसावर.

एकाच वेळी सुटलेल्या गाड्या

डोंबिवलीकरांना हे सांगायला मला एकच उदाहरण सुचतं. समजा, सीएसएमटीहून एकाच मिनिटाला फास्ट, स्लो आणि एक मालगाडी सुटली. फास्ट डोंबिवलीला पोचली म्हणजे प्रवास संपला असं तिच्यातले प्रवासी म्हणतील. स्लोमधले अजून वाटेतच असतील. मालगाडी कुठेतरी सिग्नलला.

कातडी ही फास्ट. साधारण दोन आठवड्यांत टाके निघतात. बघणाऱ्यांना तेवढंच दिसतं, म्हणून तेवढ्यात "झाली की बरी!" सुरू होतं.

हाड त्यामागून येतं. स्क्रूने घट्ट आवळलेल्या कापात जे घडतं ते मला फार आवडलं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी पुढे बारीक बोगदा खणत जातात आणि त्यांच्या मागोमाग नवं हाड रचणाऱ्या पेशी तो बोगदा आतून बांधत येतात. मेट्रोचं भुयार खणणारं यंत्र असंच चालतं, पुढे खोदकाम, मागे अस्तर. जिथे कापाच्या कडा इतक्या घट्ट बसत नाहीत तिथे आधी मऊ, मग कडक असा जोड धरतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांत हे इतपत होतं की एक्स-रे बघून सर्जन रुंद बुटात पाय घालायला परवानगी देतात.

सर्जनचे सहा आठवडे हे आहेत. घर बांधलेल्यांना लगेच समजेल: स्लॅब टाकला, पाणी मारलं, सेंटरिंग काढलं, तरी वर कुणी कपाटं चढवत नाही. हाडाचं आतून घोटून पक्कं होणं पुढे कित्येक महिने चालू असतं. आणि त्यासाठी त्याला हळूहळू वाढत जाणारं ओझं लागतं. हाड ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने स्वतःला मजबूत करतं. म्हणून पहिल्या महिन्यात पाय टेकण्याची घाई जशी वाईट, तशी चौथ्या महिन्यात घाबरून पाय न टेकणंही वाईट. बायका बहुधा पहिली चूक करतात. मी दोन्ही केल्या.

मज्जातंतू ही मालगाडी. अंगठ्याच्या वरच्या-आतल्या बाजूने कातडीची जाणीव नेणारा एक बारीक तंतू जातो, नेमका कापाच्या वाटेत. तो ताणला किंवा दुखावला गेला की अंगठ्याची कड बधिर होते. तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गाठीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पाच-सहा सेंटीमीटर धरा, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी दोन महिने. या वाढीच्या काळात मुंग्या येतात, अधूनमधून विजेचा चटका बसल्यासारखी चमक मारते, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. मला वाटायचं काहीतरी बिघडलं. बहुतेक वेळा ते तंतू जागा होत असल्याचं लक्षण असतं. थोडा बधिरपणा काहींना कायमचा राहतो. माझ्या अंगठ्यावर आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा अजून मुकी आहे.

सूज: सगळ्यात शेवटी उतरणारी प्रवासी

माझ्या पायाच्या ज्या एका गोष्टीने मला रडवलं ती वेदना नव्हती, सूज होती. म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

ऑपरेशन जुलैअखेरीस झालं. गणपती सातव्या आठवड्यात आले. एक्स-रे चांगला होता, तार निघाली होती, रुंद सँडल घालायची परवानगी मिळाली होती. मी एकवीस उकडीचे मोदक करायचे ठरवले आणि ओट्याशी तीन तास उभी राहिले. चालले नाही, नुसती उभी. संध्याकाळी आरतीला अंगठ्याशेजारचं बोट वेलची केळ्यासारखं टम्म झालं होतं, कातडी चकाकत होती, सँडलचा पट्टा पोचत नव्हता. स्क्रू तुटला असणार अशी माझी खात्रीच झाली. रात्रभर झोप नाही. सकाळी दवाखान्यात पुन्हा एक्स-रे. हाड जागच्या जागी. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "काल किती वेळ उभ्या होतात?"

यामागचं शास्त्र सोपं आहे. आपण उभे असतो तेव्हा हृदयापासून पावलापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा रक्ताचा खांब शिरांमध्ये उभा असतो. त्याच्या वजनाने पावलाजवळच्या शिरेतला दाब स्तब्ध उभं असताना पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा पिळतो आणि रक्त वर ढकलतो. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. काही पावलांतच तो दाब साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणजे पोटरी हा पायाचा पंप आहे आणि तो उभं राहिल्याने चालू होत नाही, चालल्याने होतो. म्हणून तीन तास ओट्याशी उभं राहण्यापेक्षा वीस मिनिटं सावकाश चाललेलं परवडतं. शिक्षक, पोळ्या लाटणाऱ्या बायका, दुकानात काउंटरमागे उभी राहणारी माणसं यांना सूज जास्त छळते ती यामुळे.

त्यातच पेशींभोवती साचलेलं पाणी परत नेणाऱ्या ज्या केसासारख्या लसीकावाहिन्या असतात, त्या चिरेत कापल्या गेलेल्या असतात. नव्या वाटा तयार व्हायला महिने लागतात. तोपर्यंत पाणी येतं वेगाने, जातं गल्लीबोळांतून. आणि बोटाला तर साठवायला जागाच नाही, म्हणून ते पावलापेक्षा जास्त काळ जाड दिसतं. तीन महिन्यांनी बरीचशी सूज उतरते, सहाव्या महिन्यापर्यंत संध्याकाळची तेवढी उरते, आणि काही जणांची पूर्ण जायला वर्ष लागतं. हे सगळं नेहमीच्या हिशेबात बसतं. मला कुणी हे वाक्य आधी लिहून दिलं असतं तर मी ते फ्रीजवर चिकटवलं असतं.

उपाय साधे आहेत, पण अर्धवट केले जातात. पाय वर ठेवा म्हटलं की आपण समोर स्टूल ओढतो. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवलेलं पाऊल हृदयापेक्षा खालीच असतं. आडवं पडून पोटरीखाली एक लोड किंवा दोन उशा घेतल्या की पाऊल छातीच्या वर येतं, तेव्हाच उतार मिळतो. नुसत्या टाचेखाली उशी नको, टाचेला रग लागते. पडल्या पडल्या घोटा वर-खाली हलवत राहायचा, म्हणजे पोटरीचा पंप झोपेत जात नाही. बर्फ पंचात गुंडाळून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. बधिर कातडीला बर्फाचा चटका कळत नाही, हे विसरू नका. ड्रेसिंग असेपर्यंत ते ओलं होऊ द्यायचं नाही आणि जखमेवर हळदीचा लेप, तेल, मामीने दिलेलं मलम यातलं काहीही नको. जखम पूर्ण भरून खपली पडल्यावर व्रणाला खोबरेल लावून हलकं चोळायला मला सांगितलं, आणि त्याने आवळलेली कातडी खरंच सैल झाली.

मी शिंप्याची टेप घेऊन दर रविवारी सकाळ-संध्याकाळ चवड्याचा घेर मोजायला लागले आणि वहीत लिहायला लागले. रोज बघितलं की सूज 'तशीच आहे'. वहीत मात्र सकाळ-संध्याकाळचा फरक तिसऱ्या महिन्यात दीड सेंटीमीटर होता, सातव्यात अर्धा. हा उद्योग बघून घरचे हसले. पण दुपारी चार वाजता "काहीच सुधारणा नाही" असं वाटायला लागलं की ती वही बरी पडायची.

अंगठा आणि रहाट

विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं चटकन कळेल. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. चालताना टाच उचलली जाते, अंगठा जमिनीवरच राहून वरच्या दिशेने वाकतो, आणि तो पट्टा लांब हाडाच्या टोकाभोवती दोरासारखा गुंडाळला जातो. पट्टा आखडला की तळव्याची कमान उंच आणि कडक होते, आणि त्या कडक पावलावर जोर देऊन आपण पुढे जातो. हिक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे दाखवलं आणि त्याला रहाटाचंच नाव दिलं. यासाठी अंगठा बराच वर वाकावा लागतो, साधारण ६० अंशांच्या आसपास.

ऑपरेशन नेमकं या रहाटाच्या चाकाजवळ झालेलं असतं. सहा आठवडे कडक तळाच्या बुटात टाचेवर चाललेलो असतो. सांधा आखडलेला, पोटरी बारीक झालेली, आणि मेंदूने अंगठ्यावर जोर न देण्याची सवय लावून घेतलेली. मग आपण पाऊल सपाट उचलून सपाट टेकवतो, भार करंगळीच्या कडेवर टाकतो. त्यातून चवड्याच्या मधोमध नवीनच दुखायला लागतं, कधी गुडघा, कधी कंबर. वर पोटरी आवळली जात नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून सूज, सूज म्हणून सांधा आखडलेला, आखडलेला म्हणून लंगडणं. हे चक्र नुसत्या आरामाने तुटत नाही. इथे फिजिओथेरपी लागते, आणि ती बहुतेक लोक टाळतात, कारण टाके निघाले की खर्चही संपला असं आपण मनात धरलेलं असतं.

माझी फिजिओथेरपिस्ट पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. मला काकू म्हणते, याचा राग येणं मी चौथ्या भेटीत सोडलं. तिने पहिल्या दिवशी मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं आणि मागून म्हणाली, "काकू, तुम्ही उजवा पाय ठेवताय, वापरत नाही आहात." मग सर्जनना विचारून सुरू झालं. एका हाताने चवडा धरून दुसऱ्या हाताने अंगठा मुळापासून वर वाकवायचा, ताण जाणवेल इतका, कळ येईल इतका नाही. जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनी गोळा करायचा. ओटा धरून दोन्ही टाचा उचलायच्या, जमू लागलं की भार जरा उजवीकडे. शेजारच्या बोटाचं जोडून टाकलेलं पेर मात्र कधीच वाकवायला जायचं नाही, ते सरळ राहण्यासाठीच केलंय. ते बोट मुळाशीच हलतं. काहींचं बोट नंतर जमिनीला नीट टेकत नाही, किंचित तरंगतं. सर्जनना दाखवावं, पण दुखत नसेल तर पुष्कळ जण तसंच छान चालतात.

साडेचार महिन्यांनी स्टेशनच्या पुलावरून उतरताना अचानक लक्षात आलं की मी पायरीच्या कडेवर अंगठा दाबून उतरले. त्या आधी 'चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा पुढे' असं मनाशी घोकत, एकेक पायरीवर दोन्ही पाय आणत उतरायचे आणि मागून येणारी गर्दी सुस्कारे टाकायची.

गाडीचं एक सांगायला हवं. उजवा पाय असेल तर ब्रेक, डावा असेल तर क्लच. गियरच्या मोटरसायकलवर गियर बदलताना अंगठ्याचा माथाच वापरला जातो. "आता दुखत नाही" ही कसोटी नाही. अचानक कुणी आडवं आलं तर न कचरता पूर्ण ताकदीने ब्रेक दाबता येतो का, ही कसोटी. डॉक्टरांचा होकार येईपर्यंत रिक्षा.

घर, लाडू आणि मिशेरी

ऑपरेशननंतरचा बूट बाहेरून साधा दिसतो, पण त्याचा तळ जाड असतो. दुसऱ्या पायात पातळ स्लीपर घातली की कंबर तिरकी होते आणि आठवड्याभरात पाठ धरते. दुसऱ्या पायातही जाड तळाचं काहीतरी घालावं. घरात अनवाणी फिरायची आपली सवय, त्यात हा बूट स्वयंपाकघरात कसा चालणार, याची मला धास्ती होती. सासूबाईंनीच तोडगा काढला. "अगं, हा जोडा नाही, हे प्लास्टर आहे. खुशाल ये देवघरात." मोरीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली, ओट्याजवळ उंच स्टूल आलं, जमिनीवर बसणं बंद. उकिडवं बसणं, सूर्यनमस्कारातलं बोटं दुमडून पाय मागे नेणं, हे सगळं चवड्यावर पूर्ण ताण देणारं. ते कित्येक महिन्यांनी, विचारून.

डिंकाचे लाडू तीन घरांतून आले. प्रेम मान्य, पण घरात बसून रोज दोन लाडू म्हणजे त्याच पावलावर चढणारं वजन. हाडाला प्रथिनं लागतात, कॅल्शियम लागतं, ड जीवनसत्त्व लागतं. डाळ, दही, अंडी, नाचणीची भाकरी, तीळ हे रोजच्या ताटातलंच आहे. ड जीवनसत्त्व मात्र एवढ्या उन्हाच्या देशातही पुष्कळांचं कमी असतं. ते तपासून घ्यावं, मनाने गोळ्या खाऊ नयेत. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे ऑपरेशनचाच भाग समजा.

आणि एक गोष्ट मी जरा खडसावून लिहिते. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि हाड जुळण्याचं काम मंदावतं, कधी जुळूच देत नाही. डॉक्टर विचारतात, "सिगारेट, तंबाखू?" आपल्याकडच्या कितीतरी बायका मान हलवून नाही म्हणतात आणि घरी जाऊन मिशेरी लावतात. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायला घेतलेली असली तरी.

या काळात मन कसं होतं याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मोडलेल्या पायाला लोक सहानुभूती देतात. अंगठ्याच्या गाठीला "हौसेचं ऑपरेशन" म्हणतात. शाळेत स्टाफरूममध्ये एका मैत्रिणीने, अगदी सहज, "माझ्या नणंदेने तर महिन्यात गरबा खेळला" असं सांगितलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तिसरा-चौथा महिना सगळ्यात वाईट. दुखणं मोठं उरलेलं नसतं, म्हणून तक्रारीचा हक्क संपलेला असतो, आणि पाय तर आपला वाटत नाही. माझ्या मते या महिन्यांसाठी आधीच काहीतरी कबूल करून घ्यावं. मी मुख्याध्यापकांना सांगून दोन महिने वर्गात खुर्चीत बसून शिकवलं आणि फळ्याचं काम मुलांना दिलं. घरी संध्याकाळचा चहा मुलाकडे गेला, तो आजतागायत त्याच्याकडेच आहे.

धीर धरायचा म्हणजे सगळंच सोसत बसायचं असं मात्र नाही. संथ सुधारणा आणि बिघाड यांत फरक आहे. सूज रात्री आडवं पडल्यावर उतरत असेल, दुखणं महिन्यागणिक कमी होत असेल तर वाट बघा. पण कमी होत आलेलं दुखणं परत वाढत चाललं, जखम लाल होऊन गरम लागली, पू आला, ताप आला, तारेच्या तोंडाशी पाणी सुटलं किंवा तार हलली, बोट निळं-पांढरं पडलं तर त्याच दिवशी दाखवा. एका पोटरीत वेगळीच कळ आणि घट्ट सूज आली तर शिरेत गुठळी असू शकते. दम लागला, छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत. आणखी एक अवस्था सहज नजरेतून सुटते: जखम भरलेली असूनही पाऊल सतत जळजळतं, रंग बदलतं, कधी गार कधी घामेजलेलं होतं, कपड्याचा स्पर्श सहन होत नाही आणि हे दिवसेंदिवस वाढत जातं. ती मज्जासंस्थेची गडबड असू शकते आणि तिच्यावर जितके लवकर उपचार सुरू होतील तितकं बरं. "थोडं दुखणारच" असं कुणी म्हणालं तरी पुन्हा जाऊन विचारा, वाटल्यास दुसऱ्या डॉक्टरांना.

गेल्या महिन्यात सर्जननी जोडवं घालायला हरकत नाही म्हणून सांगितलं. सुजलेल्या बोटात ते रुततं आणि रक्त अडवतं, म्हणून आधी हात लावू दिला नव्हता. कागदाची पुडी घेऊन मी सकाळी दहाला सोनाराकडे गेले. त्याने पाय बघितला, सरळ झालेलं बोट बघून "वा" म्हणाला, मापाच्या कड्या काढल्या आणि परत ठेवल्या.

"दिवसभर शाळेत उभ्या असता ना?"

"हो."

"मग संध्याकाळी सातनंतर या. तेव्हाचं माप घेतो. आणि वेढा तोंडाशी उघडा ठेवतो, म्हणजे परत कापायला नको."